गुरुजींचं बेट

आमच्या चारठाण्यात पाणी म्हटलं की दोन गोष्टी डोळ्यांपुढं येतात, गोकुळेश्वराची बारव आणि टँकर. फार झालं तर तिकडं पूर्णेवरचं येलदरी धरण. अशा गावचा निवृत्त भूगोलमास्तर तीन दिवस समुद्रावर राहून आला, तर पुढची सहा वर्षं गावानं किती सोसावं?

मुलगा क्वालालंपूरला नोकरीला. त्यानं आईवडिलांना बोर्निओच्या टोकाला सेंपोर्नाला नेलं आणि तिथून बोटीनं माबुल बेटावर. तेव्हापासून गुरुजींच्या तोंडी 'आमच्या बाजाऊंत' बसलंय ते उठत नाही. (बाजाऊ म्हणजे फिलिपिन्स, मलेशिया, इंडोनेशियाच्या मधल्या समुद्रात पिढ्यान्‌पिढ्या नावेवर संसार केलेली माणसं. हल्ली बरेचसे पाण्यात खांब रोवून घरं बांधतात.) लग्नात नवरदेव घोड्यावर चढायला लागला की गुरुजी शेजाऱ्याला सांगणार, "घोडं कशाला? आमच्या बाजाऊंत लेपा असते." लेपा म्हणजे त्यांची नाव. चूल, अंथरूण, पोरंबाळं, सगळं तिच्यावर. दर एप्रिलात सेंपोर्नाला सजवलेल्या लेपांची जत्रा भरते. नेमका त्याच महिन्यात आमचा हापसा नुसती हवा ओकत असतो, आणि गुरुजी त्याच्या रांगेत उभे राहून शिडांचे रंग सांगत असतात.

स्टँडवरच्या हॉटेलात एकदा ते म्हणाले, "ही माणसं एका दमात ७० मीटर खाली जातात!"

हॉटेलवाल्यानं गाळणी थांबवली. "म्हंजी किती फूट, गुरुजी?"

"दोनशे तीस."

"अन् तेवढ्यात पाणी लागलं? आमची बोर साडेतीनशेला बी कोरडी गेली."

गुरुजींनी पाणी वरूनच असतं हे समजावलं, पण बाकावरच्या मंडळींचं मत बोरवाल्यानं फसवलं असंच पडलं.

दम टिकतो कसा, याचंही उत्तर त्यांच्याकडं आहे. २०१८ साली 'सेल' या नियतकालिकात शोधनिबंध आला. इंडोनेशियातल्या बाजाऊंची प्लीहा शेजारच्या सालुआन लोकांपेक्षा सुमारे निम्म्यानं मोठी निघाली. बुडी मारली की ती आकसते आणि साठवलेल्या लाल पेशी रक्तात सोडते. माहिती पक्की आहे, तक्रार पद्धतीबद्दल आहे. प्लीहा कुठं असते हे दाखवायला गुरुजी समोरच्याच्या डाव्या बरगडीखाली बोट खुपसतात. माहितगार मंडळी आता त्यांच्या उजव्या हाताला बसत नाहीत.

बेटावरून आणलेला लाकडी चौकटीचा पाणबुड्यांचा चष्मा गुरुजींच्या घरी आहे. तो लावून बाई, म्हणजे गुरुजींची बायको, कांदा चिरतात. "डोळ्यांतून टिपूस येत न्हाई बगा," म्हणून त्यांनी मला लावून दाखवला.

खरी हकिगत बाईंकडूनच कळते. बोटीत बसल्यापासून गुरुजी ओकत होते. पहिले दोन दिवस खोलीत कूस न बदलता पडून. बेट पाहिलं ते बाईंनी. खांबांवरच्या घराच्या पायरीवर एक बाई तोंडाला पिवळट लेप फासून बसली होती. आपल्या बाईंनी बोटानं विचारलं, तिनं वाटी पुढं केली. तांदळाचं पीठ न् हळद! "मी म्हन्लं, अगं हे तर आपलं उटणं. मग तिनंच माझ्या गालाला लावलं. भाषा? कशाला लागते भाषा?" उन्हापासून कातडी वाचवायला तिथल्या बायका ते लावतात. गुरुजींच्या व्याख्यानात उटणं नाही.

तिसऱ्या दिवशी मात्र ते उठून काठावर आले. लाकडाच्या होडक्यांतून पोरं आली, हाताएवढ्या वल्ह्यांची. मुलानं सांगितलं, यातल्या अनेकांची कुठंच नोंद नाही, ना या देशात ना त्या. जन्माचा दाखला नाही, म्हणून शाळा नाही. हे सांगताना गुरुजींचं बोट कुणाच्या बरगडीत जात नाही. ते हळूच म्हणतात, "रजिस्टर असतं ना, तर सगळ्यांना १ जून टाकून देलं असतं."

हे पहिल्यांदा ऐकलं त्या दिवशी हॉटेलवाल्यानं अर्ध्या चहाचे पैसे घेतले नाहीत. आधार कार्डावर त्याचा जन्म १ जूनचा आहे. माझाही. अक्षर गुरुजींचं.