आमच्यातबी भेंडीच हाय

संक्रांत सरून थंडी जरा ओसरली, की गारगोटीत घरामागं दोन हात जागा असलेल्या प्रत्येक माणसाच्या अंगात शेतकरी संचारतो. वेदगंगा उशाशी आहे, वर पाटगावचं धरण आहे, त्यामुळं पाण्याची सबबही सांगता येत नाही. त्यातून भेंडी म्हणजे फारच समजूतदार. वांगी रुसतात, टोमॅटोला काठ्यांचा आधार द्यावा लागतो. भेंडीचं बी रात्रभर भिजवायचं, वितीवितीवर टोकायचं, पुढचं ती बघते. ती जरा जास्तच बघते, हे चैत्रात कळतं.

बियाण्याच्या दुकानात पहिला प्रश्न आला, "किती गुंठं हाय?" कपडे वाळत घालायच्या दोरीखालची जागा गुंठ्यांत कशी सांगायची? "यंदा थोडंच करायचं म्हणतोय," असं मोघम बोलून मी परभणी क्रांतीचं पाकीट उचललं. भेंडीची पानं पिवळी पाडणारा केवडा रोग पांढरी माशी पसरवते. त्याला तोंड देता यावं म्हणून परभणीच्या कृषी विद्यापीठानं भेंडीच्या एका रानटी भाईबंदाशी संकर करून ही जात काढली. एवढं शास्त्र पाठीशी असल्यावर माणसाची छाती फुगणारच.

रोपं वीतभर झाली आणि सल्लागार जमले. आमच्या गावात शिकलेल्यांना तोटा नाही. जे. पी. नाईकांनी इथं विद्यापीठ उभं केलं, त्याला पाटगावच्या मौनी महाराजांचं नाव आहे. भेंडीच्या बाबतीत मात्र मौन पाळायला कुणी तयार नव्हतं. एकजण राख फुंका म्हणाला, दुसरा आंबट ताक फवारा म्हणाला. निवृत्त गुरुजींनी पिवळा चिकट कागद टांगायला सांगितला. टांगला. त्याला माश्या थोड्या चिकटल्या. त्यापेक्षा तो काय प्रकार आहे हे बघायला वाकलेल्या शेजाऱ्यांच्या बाह्याच जास्त चिकटल्या.

दीड महिन्यात फूल आलं. फिकट पिवळं, पाकळ्या रेशमी, तळाशी गर्द जांभळा डोळा. जास्वंदीच्याच कुळातलं, त्यामुळं रूप थेट देव्हाऱ्यातलं. ते सकाळी उमलतं आणि दुपारनंतर मिटायला लागतं. नेमकं त्याच सकाळी गल्लीतल्या आजी लोकांच्या कुंपणावरची फुलं गोळा करत फिरतात.

"आजी, ती भेंडी हाय. फूल तोडलं तर शेंग यायची न्हाई."

"देवाला काय करायचंय रं लेकरा? पिवळं हाय न्हवं?"

देवाच्या नावापुढं बोलता येत नाही. महिनाभरानं मात्र मीच फाटकात उभा राहून, "आजी, इकडची बी न्या की, सगळी न्या," असा आग्रह करू लागलो, आणि आजींचं मन मोगऱ्यावर गेलं.

कारण तोपर्यंत तोडा सुरू झाला होता. फूल मिटल्यावर पाच-सहा दिवसांत भेंडी तोडायला येते, आणि एक दिवसाआड तोडावीच लागते. तिची लव अंगाला खाजते, म्हणून मी हातात जुने पायमोजे घालून वाफ्यात शिरायचो. टोक मोडून बघायचं, टक्‌कन मोडलं तर कोवळी, वाकलं तर जून. बाजारात असं केलं की मावशी खेकसतात. घरच्या वाफ्यात खेकसणारं कुणी नसल्यामुळं मी हौस भागवून घेतली. "सगळ्या बोडक्याच आणल्यात होय?" असं स्वयंपाकघरातून आलं, तिकडं दुर्लक्ष केलं.

चैत्र पौर्णिमेला आम्ही जोतिबाच्या डोंगरावर गेलो, गुलालानं माखून परत आलो, तर भेंड्या वीत-दीड वीत लांब. सुरी आत जाईना. ज्या कोवळ्या होत्या त्यांची चिरून भाजी झाली, भरून झाली, ताकात झाली, कूट लावून झाली. धुतल्यावर कोरडी पुसून चिरायची आणि वर आमसूल टाकायचं, म्हणजे तार सुटत नाही. हे आता घरात शाळकरी पोरंही सांगतात. तांबड्या-पांढऱ्या रश्श्याच्या मुलखात ही वेळ यावी! शेवटी पिशवी भरून वाटायला निघालो. पहिल्या दारात उत्तर मिळालं, "आमच्यातबी भेंडीच हाय." दुसऱ्या दारातही तेच. सगळ्यांनी एकाच आठवड्यात टोकलेली. जगात सर्वांत जास्त भेंडी भारतात पिकते म्हणतात. त्यातली बरीचशी आमच्या गल्लीत पिकत असावी. घरी आलो तर फाटकाला कुणीतरी एक पिशवी अडकवून गेलं होतं.

मग मला गुऱ्हाळ आठवलं. कोल्हापुरी गुळाचा पिवळाधमक रंग भेंडीच्याच चिकटावर उभा असतो. काहिलीत रस तापला की गुळव्या त्यात भेंडीचं चिकट पाणी सोडतो. रसातली घाण त्याला धरून वर येते, काळपट फेसाची मळी होते, ती झाऱ्यानं काढून टाकतात. आमच्या ताटात आमसूल टाकून ज्याला घालवायचं, त्याला तिथं मान! हंगाम संपत आला होता, तरी एक चुलवाण पेटलेलं सापडलं. जून भेंड्यांची पिशवी मी गुळव्यापुढं ठेवली.

त्यानं एक उचलली, वाकवली, परत ठेवली.

"ह्या कशाला आणल्या? आमास्नी रानभेंडीचं झाड लागतंय. खोड, मुळं ठेचून भिजवायची आस्त्यात."

पिशवी उचलून मी निघालो.

"थांबा की," तो म्हणाला, आणि गरम गुळाचा खडा कागदात बांधून दिला. मग खोपटात जाऊन आणखी एक भरलेली पिशवी घेऊन आला. "आमच्या बांधावरच्या हायत. कवळ्या हायत बघा. लई झाल्यात, न्या."