न खपलेल्या गाड्यांचा भाव

जुन्या अमेरिकन मसल कारच्या लिलावातले आकडे ऐकले की लोक आधी तोंडात बोट घालतात आणि मग 'हौसेला मोल नाही' असं म्हणून चहाकडे वळतात. मला हे पटत नाही. या हौसेला मोल आहे आणि ते काढायची रीतही पोराटोरांना जमेल अशी आहे. गाडी नवी असताना शोरूममध्ये जितकी कमी खपली, तितकी ती आज महाग. 1971 सालची प्लिमथ हेमी कुडा घ्या, तीसुद्धा कापडी टपाची, कन्व्हर्टिबल. सात लिटरचं 'हेमी' इंजिन, 425 अश्वशक्ती, दोन दांडगे कार्ब्युरेटर आणि त्यांना हवा पाजणारं खोकं बॉनेटला भोक पाडून सरळ बाहेर आलेलं. हे खोकं बसवलेलं असतं इंजिनावर, त्यामुळे गाडी नुसती उभी असली तरी बॉनेट गप्प आणि खोकं मात्र हुडहुडी भरल्यासारखं थरथरत असतं. म्हणूनच त्याला 'शेकर' म्हणतात. या इंजिनासाठी त्या काळी जवळपास 900 डॉलर जादा मोजावे लागत. पेट्रोल ते पाण्यासारखं पिई. विमा कंपन्यांनी अशा गाड्यांवर इतका जबर हप्ता लावला होता की विशीतल्या पोराला गाडी परवडली तरी विमा परवडत नसे. चार लोकांनी चारचौघांसारखा विचार केला आणि त्या वर्षी अशा गाड्या बनल्या जेमतेम 11. त्यातली एक 2014 मध्ये सिएटलच्या लिलावात 35 लाख डॉलरला गेली. एका अख्ख्या देशाच्या शहाणपणाचा दंड एका माणसाने भरला, असं मी म्हणेन.

एका उदाहरणावर सिद्धांत उभा राहत नाही, म्हणून 1970 ची प्लिमथ सुपरबर्ड पाहा. ही गाडी मुळात नॅसकारच्या शर्यतींसाठी काढलेली. शर्यतीत उतरवायची तर ती ठरावीक संख्येने गिऱ्हाइकांनाही विकली पाहिजे, असा नियम होता. म्हणून शंकूसारखं लांबलचक नाक आणि मागे जवळजवळ दोन फूट उंचीचा पंख असलेल्या एकोणीसशेच्या आसपास गाड्या रस्त्यावर आल्या. रस्त्यावर म्हणजे खरं तर विक्रेत्यांच्या अंगणात, कारण त्या तिथून हलेनात. काही विक्रेत्यांनी वैतागून नाक आणि पंख उतरवले आणि आतली साधी रोड रनर करून ती खपवली. आज तोच पंख, खाली हेमी इंजिन असेल तर, सोन्याच्या भावात जातो. 2022 मध्ये अशा एका सुपरबर्डला साडेसोळा लाख डॉलर आले.

यावर कुणी म्हणेल, पैसे वेगाचे आहेत, उगाच फाटे फोडू नका. पण वेगच हवा असेल तर पाव मैल कापायला हेमी कुडाला साडेतेरा-चौदा सेकंद लागत आणि आज टेस्लाची विजेवरची मोठी सेडान तेच अंतर दहा सेकंदांच्या आत कापते, तेही आवाज न करता. म्हणजे वेग स्वस्त झालाय. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. न खपणं हीच जर पुण्याई असेल, तर फोर्डची एडसेल कुठे गेली? तिच्याएवढी गाजलेली आपटी मोटारींच्या इतिहासात क्वचितच सापडेल, पण तिच्यासाठी कुणी लाखो डॉलरची बोली लावत नाही. इथे मला सिद्धांताला एक ठिगळ लावावं लागतं. गाडी न खपणं पुरेसं नाही. ती हवीहवीशी वाटूनही न खपणं गरजेचं आहे. एडसेल लोकांना नकोच होती. हेमी कुडा पोरांना हवी होती, पण आड आले बाप, बँक आणि विमा एजंट. ती पोरं पुढे पन्नाशीला आली, कंपन्यांचे मालक झाली आणि त्यांना हटकणारं कुणी उरलं नाही.

तिसरा आक्षेप मस्टँगचा. 1968 मध्ये तिच्या तीन लाखांहून अधिक गाड्या खपल्या, तरी 2020 मध्ये फ्लोरिडातल्या किसिमीला एका मस्टँगवर 34 लाख डॉलरची बोली थांबली. बरोबर, पण ती होती 'बुलिट' चित्रपटात स्टीव्ह मॅक्वीनने पळवलेली. खपलेल्या गाडीला तो भाव यायला खुद्द स्टीव्ह मॅक्वीन लागतो, यातच माझा मुद्दा सिद्ध होतो. शिवाय 1977 मध्ये मॅक्वीनने पत्र पाठवून ती परत मागितली होती आणि मालकाने दिली नव्हती. म्हणजे न विकण्याचा थोडाफार महिमा इथेही आहेच.

भाव गाडीचा नसून तिच्या अपयशाचा आहे, याचा सज्जड पुरावा कागदात सापडतो. साध्या कुडात बाजारातून आणलेलं हेमी इंजिन बसवलं तर ती तशीच दिसते, तशीच गुरगुरते, आणि तिला मूळ गाडीच्या भावाचा लहानसा अंशच मिळतो. म्हणून जाणकार आधी गाडीखाली वाकून इंजिनावर कोरलेला नंबर चासीच्या नंबराशी ताडून पाहतात. मग मागच्या सीटच्या स्प्रिंगांत किंवा पेट्रोलच्या टाकीवर कारखान्यातल्या कामगाराने खुपसून ठेवलेला तपशिलाचा कागद शोधतात. उंदरांनी कुरतडलेला तो चिटोरा म्हणजे गाडीचा सातबाराच. तो काय सांगतो? एवढंच, की हा महागडा वेडेपणा 1971 मध्ये खरोखरच कुणीतरी मागवला होता.

सगळेच यात श्रीमंत होतात असं मात्र नाही. 2006 च्या सुमारास चढलेले भाव 2008 च्या मंदीत धाडकन खाली आले आणि घर गहाण टाकून गाडी घेणाऱ्यांची तोंडं उतरली. तरीही माझा सिद्धांत अजून शाबूत आहे. 2021 मध्ये इंडियानापोलिसला 1971 ची आणखी एक हेमी कुडा कन्व्हर्टिबल लिलावात उभी राहिली आणि बोली 48 लाख डॉलरपर्यंत चढली. मालकाला तेवढ्याने समाधान नव्हतं. गाडी पुन्हा एकदा न खपता घरी गेली.