रविवारचा विसर्ग

पुण्यात पावसाळ्यात दोन विसर्ग होतात. एक खडकवासल्याच्या सांडव्यातून मुठेत. तो पाटबंधारे खातं करतं, आकडा जाहीर करतं, नदीकाठच्यांना सावध राहायला सांगतं. दुसरा रविवारी दुपारचा चहा झाला की उलट्या दिशेने, शहरातून धरणाकडे. त्याचा आकडा कुणी जाहीर करत नाही. नांदेड फाट्याला पुढच्या गाड्यांचे लाल दिवे मोजून ज्याचा त्याने काढायचा. मोकळी हवा खायला निघालेली मंडळी काचा वर करून, एसी लावून बसलेली असतात, कारण बाहेर धूर.

पुणेकराला शेजाऱ्याचं नाव सांगता येणार नाही, पण साखळीतल्या चारही धरणांची टक्केवारी तोंडपाठ. 'खडकवासला भरलं!' ही बातमी लग्न ठरल्यासारखी घरोघर जाते. आता हिशेब बघा. पानशेत १०.६५ टीएमसीचं, वरसगाव १२.८२ चं, टेमघर ३.७१ चं. आणि ज्याच्या भरण्यावर आपण पेढे वाटायला निघतो ते खडकवासला? १.९७. म्हणजे २९ टीएमसीच्या घरातलं सगळ्यात धाकटं पोर. ते पहिलं भरतं यात नवल ते काय! वरची तीन धरणं अजून निम्मी असली तरी आपली सहल निघते, कारण तिथवर पेट्रोल कमी लागतं.

पोचल्यावर पाणी दिसतं. दोन गाड्यांच्या मधून. गाड्या जिथे थांबतील तिथे लावलेल्या, त्यापुढे टपऱ्या, त्यापुढे पाणी. याला चौपाटी म्हणायचं. काका कमरेवर हात ठेवून एकदा पाण्याकडे बघतात, 'यंदा बरंय' म्हणतात आणि भज्यांकडे वळतात. झालं धरण बघून. येण्यात दोन तास गेले, बघण्यात दोन मिनिटं, बाकीचा वेळ कांदाभजी.

कणीस मात्र मानलं पाहिजे. शेगडीला हाताने फिरवायचा पंखा जोडलेला. मावशी एका हाताने पंखा फिरवतात, दुसऱ्या हाताने कणीस वळवतात, निखारे तडतडतात, दाणे फुटतात. मग अर्धं लिंबू तिखट-मिठात दाबायचं आणि कणसावर टोकापासून दांड्यापर्यंत रगडायचं. 'मावशी, तिखट कमी टाका.' 'लहानाला ना?' 'नाही, मलाच.' मावशी काही बोलत नाहीत, नुसतं बघतात. एवढं झाल्यावर 'दोन घेतली तर कितीला देणार?' हा प्रश्न येतोच. अडीच हजारांचे बूट घालून पावसात उभा राहिलेला माणूस दहा रुपयांसाठी जितका हट्टाला पेटतो, तितका साहेबापुढे पगारवाढीसाठी पेटला असता तर बरं झालं असतं.

पलीकडच्या काठावर एनडीए आहे. तिथल्या पीकॉक बेमध्ये कॅडेट याच पाण्यात शिडाची होडी हाकायला शिकतात. अलीकडच्या काठावर आपण पाण्याकडे पाठ करून उभे. पाणी सेल्फीत यायचं तर पाठ करावीच लागते.

'पाण्यात उतरू नये' असा फलक असतो. त्याच्याच खांबाला धरून लोक चपला काढतात. आत गाळ असतो, पायाखाली उतार अचानक तुटतो, पोहता येणाराही घाबरतो. दर उन्हाळ्यात बुडाल्याच्या बातम्या येतात. फलक रंगवणाऱ्याने आपलं काम केलेलं असतं.

बरं, हे पाणी आहे कुणाचं? बरंचसं पर्वतीच्या जलकेंद्रातून तुमच्या-आमच्या नळाला. उरलेलं कालव्याने दौंड-इंदापूरला. तिकडचा शेतकरी आवर्तन कधी सुटणार म्हणून डोळे लावून बसलेला, कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत एकेका टीएमसीवरून हमरीतुमरी. आणि इथे एक गृहस्थ बादली बुडवून गाडी धुताहेत. शेजारी कुटुंबाने कागदी प्लेटा पाण्यात सोडल्यात, 'वाहून जातील' म्हणून. वाहून जातील हे खरंच. कुठे, ते सोमवारी हंडा भरताना आठवावं.

आता जरा न हसता. मूळचं खडकवासला १८७९ सालचं, दगडी. १२ जुलै १९६१ ला वरचं पानशेत फुटलं, त्याच्या लोंढ्याने हेही फुटलं, आणि नदीकाठचं पुणं पाण्याखाली गेलं. जुन्या पुणेकरांच्या बोलण्यात आजही 'पुराच्या आधी' आणि 'पुरानंतर' अशी कालगणना सापडते. नव्यांना २५ जुलै २०२४ आठवत असेल. त्या दिवशी सुमारे ३५ हजार क्युसेक पाणी सोडलं होतं. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला २८ लिटर. गुणाकार केला तर सेकंदाला जवळपास १० लाख लिटर. दहा हजार लिटरचे शंभर टँकर, दर सेकंदाला. सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत तळमजल्यात पाणी शिरलं आणि माणसं होडीतून बाहेर काढावी लागली.

गंमत अशी, की 'विसर्ग वाढवला' ही एकच बातमी त्या एकाच रस्त्यावर दोन तऱ्हांनी ऐकली जाते. एकतानगरीत गॅसची टाकी, मुलांची दप्तरं आणि फ्रीज कसा वर न्यायचा याची धांदल. आणि बाकीच्या शहरात, 'चला रे, दरवाजे उघडलेत, पाच मिनिटांत तयार व्हा!' धरणातून पाणी खाली येत असतं तेव्हाच वर जाणाऱ्या गाड्यांची रांग लागते. पोलिसांनी अडवलं की 'आम्ही फक्त बघायला आलोय हो.' सगळे फक्त बघायलाच आलेले असतात. म्हणून तर कोंडी.

तेव्हा जायचं तर जरूर जा. कोरड्या रविवारी जा, कणीस खा, मावशींशी भाव करू नका, प्लेटा आणि बाटल्या डिकीत घालून परत आणा. पण विसर्ग वाढल्याची बातमी आली की त्या दिवशी घरी बसा. भजी घरीही होतात, आणि एकतानगरीच्या लोकांना सामान हलवायला तेवढा रस्ता मोकळा मिळेल.