‘प्रशिक्षण यशस्वीरीत्या पार पडले’ असे लिहिणाऱ्या साहेबांस

मा. प्रशिक्षण समन्वयक साहेब,


तुमच्या फाईलमध्ये एकही चूक सापडत नाही, हे आधीच मान्य करतो. साथरोग नियंत्रणाचे तीन दिवसांचे प्रशिक्षण पहिल्या दिवशी जेवणानंतर संपले, तरी हजेरीपटावर तिन्ही दिवसांच्या सह्या आहेत. पूर्वचाचणी आणि उत्तरचाचणी तुम्ही एकाच बैठकीत भरून घेतल्या. दुसरीची उत्तरे माइकवरून सांगितली, त्यामुळे सगळ्यांचे गुण दुपटीने वाढलेले दिसतात. बॅनरसमोरचा फोटो आहे, अल्पोपाहाराची बिले आहेत. हातमोज्यांची खोकी मात्र सील न फोडता भांडारात परत गेली. मी त्या सभागृहात बसलो होतो, म्हणून हे पत्र तुम्हालाच लिहितो आहे.

तिसऱ्या रांगेत एक जलसुरक्षक बसला होता. गावच्या विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) रोज त्याच्याच हाताने पडते. ते नेमके कसे टाकायचे, एवढेच त्याने विचारले, आणि तुम्ही म्हणालात, “स्लाइडमध्ये आहे.” स्लाइड इंग्रजीत होती. साहेब, त्याला शिकवायला एक बादली आणि अर्धा तास पुरला असता. पावडर मोजून घ्यायची, थोड्या पाण्यात कालवून तिची पेस्ट करायची, मग पाणी वाढवून दहा मिनिटे ठेवून द्यायची. चुना तळाशी बसला की वरचे निवळ तेवढे दुसऱ्या बादलीत ओतून घ्यायचे, ती दोराने विहिरीत सोडून वरखाली हलवायची आणि पुढे तासभर पाणी उपसू द्यायचे नाही. त्यानंतर क्लोरिन तपासायची ओटी टेस्ट. थेंब टाकल्यावर पहिल्या दहा सेकंदांत जो पिवळा रंग येतो, तो मोकळ्या क्लोरिनचा. पंधरा मिनिटांनी पाहिले तर बांधला गेलेला क्लोरिनही त्यात धरला जातो आणि कमी क्लोरिनचे पाणी पुरेशा क्लोरिनचे वाटते. ही दहा सेकंदांची गोष्ट कुठल्याही हजेरीपटावर येत नाही. ती शेजारी उभे राहून, नळी हातात देऊनच शिकवावी लागते. तुम्ही ती शिकवली नाहीत. आता तो माणूस मूठभर कोरडी पावडर कठड्यावरून भिरकावतो आणि वहीत ‘शुद्धीकरण केले’ असे लिहितो. टीसीएलचा ड्रम महिनोन्महिने उघडा राहिला की त्यातला क्लोरिन उडून जातो, हेही त्याला कोणी सांगितलेले नाही.

पाण्याने काय होऊ शकते, ते जानेवारी 2025 मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्त्याने पाहिले. नांदेड, किरकटवाडी, धायरी या भागांत चालतीबोलती माणसे दोन-चार दिवसांत हातापायांतली ताकद जाऊन अतिदक्षता विभागात पोचली. जीबीएसच्या, म्हणजे गुलेन बॅरे सिंड्रोमच्या, संशयित रुग्णांची संख्या दोनशेपलीकडे गेली. अनेकांना आधी जुलाब झाले होते आणि काहींच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू सापडला. योग्य मात्रेतल्या क्लोरिनपुढे हा जिवाणू टिकत नाही.

एका हाताची एक चूक किती महाग पडते, याचा दाखला आपल्या मुंबईतल्या परळमधूनच निघतो. तिथल्या शास्त्रज्ञ हाफकिन यांच्या प्रयोगशाळेत बनलेली प्लेगची लस 30 ऑक्टोबर 1902 रोजी पंजाबातल्या मुलकोवाल गावात 107 जणांना टोचली गेली. त्यातल्या एकाच बाटलीतून लस मिळालेल्या 19 जणांना धनुर्वात झाला आणि ते सगळे दगावले. ठपका परळवर आला, हाफकिन यांना पदावरून दूर केले गेले. त्यांच्यावरचा डाग पुसायला 1907 साल उजाडले. खरे तर मुलकोवालमध्ये बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो ज्योतीत न धरता नुसता कार्बोलिकच्या पाण्यात बुडवून त्याने त्याच चिमट्याने बूच काढले होते. चिमटा पडला तर पुढे काय करायचे, हे त्या हातात मुरलेले नव्हते. लस उत्तम होती, शास्त्रज्ञ थोर होता आणि 19 माणसे गेली.

हे जुने वाटत असेल तर केरळचे घ्या. मे 2018 मध्ये कोझिकोड जिल्ह्यात पेरांब्राच्या तालुका रुग्णालयात निपाच्या पहिल्या रुग्णाची शुश्रूषा करणाऱ्या परिचारिका लिनी पुथुस्सेरी 21 मे रोजी गेल्या. त्या शुश्रूषा करत होत्या तेव्हा रोगाचे नावही कोणाला माहीत नव्हते. त्या साथीत पहिला रुग्ण सोडला तर जवळजवळ सगळ्यांना लागण रुग्णालयातच झाली. केरळने त्यातून धडा घेतला आणि हातांना शिकवले. संशयित रुग्ण वेगळा कुठे ठेवायचा, कोणी कुठून आत जायचे, बाहेर येताना आधी हातमोजे काढून हात धुवायचे आणि मास्क सर्वांत शेवटी, खोलीबाहेर आल्यावर उतरवायचा. जून 2019 मध्ये एर्नाकुलममध्ये एका विद्यार्थ्याला निपा झाला. तीनशेहून अधिक संपर्कातल्या माणसांवर लक्ष ठेवले गेले. तो विद्यार्थी बरा होऊन घरी गेला, आणि दुसरा रुग्ण झालाच नाही. साहेब, प्रशिक्षण झाले असे याला म्हणतात. त्याचा पुरावा बॅनरच्या फोटोत मिळत नाही, न झालेल्या दुसऱ्या रुग्णात मिळतो.

तुमच्या बाजूचेही मला ठाऊक आहे. निधी मार्चमध्ये येतो आणि मार्चमध्येच संपवावा लागतो, पदे रिक्त आहेत, वरून रोज आकडा मागितला जातो. हे सगळे खरे आहे. पण बादली आणायला कुठल्या मंजुरीची वाट पाहत होता? हातमोजे तर आलेच होते. खोकी फोडून चाळीस जणांना ते घालायला आणि काढायला लावले असते, प्रत्येकाची चूक तिथल्या तिथे दाखवली असती, तर दुपार सार्थकी लागली असती. तुम्ही ती दुपार आमच्याकडून काढून घेतलीत आणि बदल्यात प्रमाणपत्र दिलेत. त्या प्रमाणपत्राच्या भरवशावर उद्या एखादी आशाताई गोवराच्या पोराला मांडीवर घेईल, एखादी नर्सताई खोकणाऱ्या क्षयरुग्णापुढे साधा कापडी मास्क लावून उभी राहील. एका गल्लीत तीन घरी जुलाब लागले तरी रोगलक्षणांच्या एस फॉर्मवर ‘निरंक’ लिहिले जाईल, कारण तीन घरे एकत्र मोजायची असतात हे कोणी सांगितलेच नाही. या माणसांना शासनाच्या कागदावर ‘प्रशिक्षित’ म्हटले आहे. तो शब्द तुमच्या सहीने तिथे आला आहे, आणि त्याची जबाबदारी तुमचीच आहे.

पावसाळ्याआधी तुमची पुढची बॅच आहे. प्रोजेक्टर नाही चालला तरी हरकत नाही. एक बादली, टीसीएल, ओटीची बाटली आणि हातमोज्यांची ती परत गेलेली खोकी घेऊन या. प्रत्येकाकडून करून घ्या, चुकेल त्याच्याकडून पुन्हा करून घ्या. आणि ज्याने स्वतःच्या हाताने करून दाखवले नाही, त्याच्या प्रमाणपत्रावर सही करू नका.

कळावे,
तुमच्या हजेरीपटावरचा एक आरोग्य कर्मचारी