माया ठेवा

शिंप्याकडे कापड टाकताना आपण न विसरता सांगतो, 'आत जरा माया ठेवा हो, पुढच्या वर्षी सैल करावं लागेल.' गाण्याच्या बाबतीत मात्र कापड स्वतःच कापायचं, शिवायचं, काठोकाठ टीप मारायची, वर कडक इस्त्री करायची आणि मग शिंप्यापुढे ठेवायचं : 'फक्त फिटिंग बघा.'

गणपती महिन्यावर आले की पुण्यातल्या कितीतरी बेडरूमचे स्टुडिओ होतात. यंदा आमच्या भाच्यानेही गाणं केलं. ढोल, ताशा, झांजा, शंख, चार पदरी कोरस आणि या गर्दीत हरवलेला गायक. फाइलचं नाव 'बाप्पा_फायनल२_खरंच_फायनल', तीही एमपी३. "मामा, तुझ्या त्या मित्राकडून मास्टरिंग करून घे ना. जास्त काही नाही, थोडं लाऊड कर म्हणावं."

मास्टरिंग म्हणजे गाण्याचं शेवटचं फिटिंग, आणि मित्र त्यातला शिंपी. त्याने फाइल उघडली. पडद्यावर लहरी दिसायला हव्या होत्या, दिसली वीट. सुरुवातीपासून शेवटपर्यंत सपाट, दोन्ही कडा तासलेल्या. भाच्याने मास्टर बसवर, म्हणजे सगळे आवाज एकत्र येतात त्या वाटेवर, लिमिटर टाकून तो कान पिळल्यासारखा पिळला होता. टिपरू ढोलावर पडतं तो पहिला टोकदार क्षण, ताशावरची काडी, सगळं एका उंचीला छाटलेलं. विटेवर विठोबा शोभतो, ढोल नाही.

मित्र बिचारा कमी बोलतो. मास्टर बसवरचा लिमिटर काढ, म्हणाला. २४ बिटची वेव्ह फाइल दे, ज्या सॅम्पल रेटला काम केलंस त्याच रेटला. एमपी३ करताना जे फेकून दिलं ते पुन्हा वेव्ह केल्याने परत येत नाही. सर्वांत मोठा टोल शून्याच्या तीन-चार डीबी खाली राहू दे. आणि शेवटचा शंख मध्येच का कापलास? त्याचा रिव्हर्ब पुरता विरू दे, शेपूट कापायचं काम माझं.

दुसऱ्या दिवशी नवी फाइल आली. वीट तीच, सहा डीबी खाली सरकवलेली. "इंटरनेटवर उणे सहा लिहिलंय," भाचा म्हणाला. जणू सहा हा आकडा म्हणजे सत्यनारायणाचा प्रसाद, सव्वा म्हणजे सव्वाच! आकड्यात काही नाही रे बाबा. आधी चेपून मग खाली ठेवलेल्याला माया म्हणत नाहीत.

पण पोराला एकट्याला बोल कशाला लावा? २००८ साली मेटॅलिका या रॉक बँडचा 'डेथ मॅग्नेटिक' हा अल्बम आला तेव्हा चाहत्यांच्या लक्षात आलं की 'गिटार हिरो' या व्हिडिओ गेममधली तीच गाणी सीडीपेक्षा मोकळी वाजतात. पुन्हा मिक्स करा म्हणून हजारोंनी सह्या केल्या. मास्टरिंग करणारे टेड जेन्सन यांचं म्हणणं एवढंच, की मिक्स त्यांच्याकडे आले तेच आधी चेपलेले. म्हणजे न्यूयॉर्कच्या नामांकित शिंप्याच्या हातीसुद्धा शिवलेलाच सदरा पडतो. तिथे आमच्या सिंहगड रोडवरच्या मित्राची काय कथा?

बरं, एवढं ओरडून मिळतं काय? ऐकणाऱ्याने सेटिंग बदललं नसेल तर स्पॉटिफाय सगळ्यांना साधारण उणे १४ लफ्सच्या (लफ्स म्हणजे आवाजाचा मोठेपणा मोजायचं माप) रांगेत आणून बसवतं. तुमची वीट तिथे गुपचूप खाली ओढली जाते. आवाज गेला तो गेलाच, सपाटपणा तेवढा शिल्लक. शेजारचं मोकळं गाणं त्याच पातळीला ढोल घुमवत बसलेलं असतं.

तिसऱ्या खेपेला लिमिटर खरोखर निघाला. टोल पडला आणि मित्राच्या टेबलावरचा चहाचा कप थरारला. मित्र पहिल्यांदाच हसला.

भाच्याने तीच फाइल फोनवर लावली आणि तोंड पाडलं. "मामा, हे तर हळू वाजतंय."

मी त्याच्या फोनच्या कडेचं वरचं बटण चार वेळा दाबलं.

"हां! आता कसं मास्टरिंग झाल्यासारखं वाटतंय."

मित्राने अजून फाइलला हातही लावला नव्हता.