साच्याची चोरी

पेणेस गणपतीच्या एखाद्या कारखान्यात घटकाभर बसावे आणि शेजाऱ्याने आपल्या मूर्तीवरून रबरी साचा उतरवून घेतल्याची मालकाची फिर्याद ऐकावी. शाडूच्या मूळ मूर्तीवर झिजलेल्या बोटांची ती कैफियत इतकी करुण असते की ऐकणाऱ्याचे डोळे पाणावतात, आणि त्याच ओल्या डोळ्यांनी पाहावे तर ती फिर्याद संगणकाच्या ज्या मराठी आज्ञावलीत टंकित होत असते, तिचे कुलूप पुतण्याने केव्हाच फोडलेले! 'ते निराळे,' मालक म्हणतात, 'कंपनीपाशी मूळ प्रत आहेच की शाबूत.' शेजाऱ्याचा युक्तिवादही नेमका हाच आहे, हे बोलून दाखवण्याचा उद्धटपणा मी केला नाही.

रोह्याची तऱ्हा वेगळी नाही. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांचे बालपण ज्या गावाशी निगडित, तेथील दुकानदार खोटी नोट नुसत्या स्पर्शाने ओळखतो. खोटी आज्ञावली मात्र प्रसादासारखी घेतो. धंद्यात असा वापर जाणूनबुजून करणाऱ्यास १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ६३-ब किमान ७ दिवसांची कैद आणि ५०,००० रुपयांचा दंड फर्मावते, असे एकास ऐकवले, तेव्हा त्याने अत्यंत अदबीने विचारले, 'त्या कायद्याचे पुस्तक पेनड्राइव्हवर मिळेल काय?'