उंटावर बसणं फुकट

गिझाच्या पिरॅमिडपाशी आपला माणूस पोचला, की त्याचा देश कपाळावर लिहिल्यासारखा ओळखला जातो. "इंडिया? अमिताभ बच्चन!" म्हणत उंटवाला गळ्यातच पडतो. बसणं फुकट, फोटो फुकट, सगळं दोस्तीखात्यात. पैसे लागतात ते खाली उतरायचे. उंट बसल्याशिवाय उतरता येत नाही, आणि उंट ऐकतो मालकाचं! कोथिंबिरीच्या जुडीसाठी मंडई डोक्यावर घेणाऱ्यांचीही तिथं बोबडी वळते.

ही झाली किरकोळ लूट. घाऊक लूट खिडकीवर, रीतसर पावतीसह. आवाराचं तिकीट वेगळं, खुफू राजाच्या पिरॅमिडच्या पोटात शिरायचं वेगळं. मग कमरेत वाकून, घामाघूम होत वर चढायचं. वर काय? ग्रॅनाइटची रिकामी, बिनझाकणाची पेटी. राजा नाही, सोनं नाही, भिंतीवर साधं चित्रही नाही. (आपण नाकं मुरडू नयेत; पाहुण्यांना आपणही सोडत नाही. ताजमहालाच्या आवारात शिरायला आपल्याला ५० रुपये लागतात. परदेशी पाहुण्याकडून आपण ११०० घेतो.)

उंटवाल्याशी निदान घासाघीस तरी करता येते. तेव्हा जाणार असाल, तर उतरायचं भाडं चढण्याआधी ठरवा.